मोठ्या बाईंचं म्हातारपण

विहिरीवर गावानं एक राखणदार बसवला होता. तो काठावर पाय सोडून बसायचा आणि येणाऱ्या प्रत्येक भांड्याकडे संशयानं बघायचा.

"पिण्याचं घ्या, स्वयंपाकाचं घ्या," तो म्हणाला. "तोंडं रंगवायला थेंब मिळणार नाही. गावाचं ठरलंय."

"रंगवायला पाणी लागतच नाही," गावात उतरलेल्या नाटक कंपनीची सूनबाई म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. "तेलात कालवतो आम्ही. लागतं ते धुवायला."

"मग रंगवूच नका. धुवायचं आपोआप वाचेल."

मागं रांगेत उभ्या असलेल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "आमच्या गाईच्या जिभेला कोरड पडलीय, आणि ह्यांना थोबाडं चकचकीत पाहिजेत." दुसरी म्हणाली, "थोबाड तरी बघू दे गं कसलं आहे ते." सूनबाईनं मागं वळून सगळ्यांना नीट तोंड दाखवलं. हसू वाढलं, पण त्यातला काटा गेला. राखणदारानं एक बादली भरू दिली. दुसरी ती रिकामीच घेऊन परत आली.

पाऊस न झाल्याचं हे दुसरं वर्ष. शेतात काम नसलं की नाटकाला गर्दी होते, हे कंपनीच्या मालकाला अनुभवानं माहीत होतं. त्यामुळे ज्या गावांत पूर्वी एक मुक्काम असायचा तिथं आता आठवडा काढायचा, असा त्यानं बेत आखला होता. लोक येत होते. पाणी मात्र कुठंच मिळत नव्हतं.

रंगमंचाच्या मागं, ताडपत्रीच्या तीन भिंतींच्या खोलीत सूनबाईच्या घराचा संसार आणि धंदा एकत्रच होता. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात गाद्यांची वळकटी, आणि मधोमध आरसा, त्याच्यासमोर उंच पाठीची खुर्ची. सासऱ्यांना कंपनीत सगळे तोंडवाले म्हणत. तीस वर्षं ते या कंपनीची तोंडं रंगवत आले होते. त्यांचा मुलगा तंबू बांधायचा आणि पडदा ओढायचा. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला रंगाचा डबाही उघडता येत नव्हता. आता शिपाई, सावकार, विदूषक, सेनापती अशी सगळी दुय्यम तोंडं तिच्याकडे होती. सासरे तिला सूनबाई म्हणून हाक मारत, ते ऐकून मालकापासून ट्रकच्या ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांचीच ती सूनबाई झाली होती.

फक्त एका तोंडाला ती हात लावत नसे. मोठ्या बाईंच्या.

मोठ्या बाई म्हणजे कंपनीची मुख्य नटी. ज्या नाटकावर कंपनी जगत होती त्यात पहिल्या दोन अंकांत बाई विशीतल्या असत. मध्यंतर व्हायचं, मुलगा परदेशी गेलेला असायचा, आणि तिसऱ्या अंकात त्याची वाट बघून म्हातारी झालेली आई पडद्याआडून यायची. लोक त्या क्षणासाठी येत. मध्यंतरात सासरे दोन बादल्या पाण्यानं बाईंचं तोंड स्वच्छ धुवून घेत, पुसून कोरडं करत, मग त्यावर मातकट रंगाचा थर देऊन बारीक कुंचल्यानं काळ्या सुरकुत्या काढत. कपाळावरच्या आडव्या, डोळ्यांपाशी पंख्यासारख्या, ओठांच्या कडेला दोन खोल. त्यांत कधी बदल झाला नाही. गावोगावचे लोक त्या रेघा ओळखत.

"एकच बादली?" सासऱ्यांनी विचारलं.

"तीही आपल्या पिण्याची आहे."

सासऱ्यांनी बादली चुलीकडे सरकवली. मग म्हणाले, "तेलानं पुसून घेऊ. तेलानं रंग निघतोच."

"निघतो. पण तेल राहतं ना बाबा."

"वर पावडर मारू."

ती दाढ्यांचा डबा उघडून बसली. त्या दिवशी शिपायांना दाढ्या लावायच्या होत्या.

संध्याकाळी प्रयोग लागला तेव्हा ताडपत्री दिवसभराच्या उन्हानं तापलेली होती. तिसऱ्या अंकात बाई आल्या तेव्हा टाळ्या पडल्या. त्या चार वाक्यं बोलल्या असतील, तोवर कपाळावरची पहिली रेघ भुवईपर्यंत उतरली. तेलकट कातडीवर रंग धरत नव्हता आणि वरून घाम. डोळ्यांजवळचा पंखा गालावर आला. ओठाकडेची रेघ हनुवटीवरून गळ्यात गेली.

"आजी वितळली!" मागून कुणीतरी ओरडलं.

तंबूभर हशा झाला. बाईंनी एक शब्द गाळला नाही. मुलगा ओळखू न येण्याचा प्रसंग, रडणं, मरण, सगळं त्यांनी शेवटपर्यंत केलं आणि प्रत्येक वाक्याला लोक हसले. पडदा पडल्यावर त्या खुर्चीत येऊन बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या. सासरे फडकं घेऊन पुढं झाले, तेव्हा त्यांनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

मालक आत आला. तो ओरडत नसे. वाईट बातमी तो हळू आवाजात सांगायचा.

"बाई, पुढच्या गावापासून पहिले दोन अंक माझी पुतणी करेल. तुम्ही म्हातारी तेवढी करा. मध्यंतराची घाई नको, पाणी नको."

"म्हणजे अर्धं नाटक."

"अर्धं कसलं? टाळ्या तर म्हातारीलाच पडतात."

"म्हातारीला पडतात, कारण लोकांनी तिला तरुण बघितलेलं असतं," बाई म्हणाल्या. "पुतणीला उभी करा, मी घरी जाते."

"तुमची मर्जी." मालक सासऱ्यांकडे वळला. "आणि तोंडवाले, वाईट वाटून घेऊ नका. आता तोंड बदलायचंच नाही, तर मिशा पोरं आपापल्या चिकटवतील. तुम्हीही आता थकलात."

सासऱ्यांनी मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही. नवरा दाराशी दोरी हातात धरून उभा होता.

"मालक," सूनबाई म्हणाली, "या गावातला शेवटचा प्रयोग कुठला लावलाय?"

"विनोदी."

"तो काढा. हेच नाटक लावा. पाण्याशिवाय तोंड बदलून दाखवते."

"दाखवते? कोण?"

"मी."

मालकानं आधी बाईंकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "लोक पुन्हा हसले तर ट्रकमध्ये तुमचं सामान चढणार नाही," तो म्हणाला आणि गेला.

सकाळी सासरे सफेदा खलत बसले होते. दगडी खलात पांढरी पूड, त्यात तेलाची धार, आणि बत्त्याचा एकसारखा घरघर आवाज. खलता खलताच ते म्हणाले, "मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो."

"म्हणून नाही विचारलं."

बत्ता थांबला, मग पुन्हा सुरू झाला. "करणार काय आहेस?"

"अजून माहीत नाही," ती म्हणाली. "पण सापडेल."

पहिला बळी नवरा ठरला. तिनं त्याला खुर्चीत बसवून अर्ध्या तोंडावर एक कृती करून पाहिली, अर्ध्यावर दुसरी. एकीकडे डिंकात कालवलेल्या रेघा, दुसरीकडे चुलीतल्या राखेच्या. मालकानं हाक मारली म्हणून तो तसाच शिडीवर चढला. खाली शिपायाचं काम करणारा पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "डावीकडून बघ, मुलगा दिसतो. उजवीकडून बघ, त्याचा बाप." घाम आला तसा डिंक चिकट होऊन ओघळला आणि राख डोळ्यांत गेली. तो खाली उतरून म्हणाला, "अगं, माझं एक तोंड होतं, तेही घालवलंस."

"ते फार चांगलं होतं अशातला भाग नाही," ती म्हणाली, आणि त्याचे डोळे फडक्याच्या ओल्या टोकानं पुसून दिले.

दुपारी जळण आणायला ती गावाबाहेर गेली. वाळलेल्या शेतात बायका गेल्या हंगामाची धसकटं उपटत होत्या. जमीन एवढी कडक होती की धसकट उपटताना माणूसच मागं जायचं. सूनबाई एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी ओळ धरून उपटू लागली. तळहाताला लगेच फोड आले. म्हातारी तिरप्या उन्हात डोळे बारीक करून काम करत होती, मधेच तिच्याकडे बघून हसत होती.

"काल तुमची आजी पातळ झाली म्हणे."

"झाली," सूनबाई म्हणाली. आणि तिचा हात थांबला.

हसताना म्हातारीच्या डोळ्यांपाशी घड्या घट्ट मिटत होत्या. हसू ओसरलं की डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा उघडत होत्या. त्या काळ्या नव्हत्या. पांढुरक्या होत्या. सगळं तोंड उन्हानं भाजून तांबूस काळं झालेलं, आणि घड्यांच्या आत, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथं कातडीचा जुना रंग तसाच राहिलेला.

"आजी, तुमच्या तोंडाकडे जरा जवळून बघू?"

"बघ की. त्याचे पैसे नाही घेत मी."

तिनं हनुवटीला हात लावून म्हातारीचं तोंड उजेडाकडे केलं. म्हातारी मजेनं इकडे तिकडे मान वळवून दाखवत होती. सूनबाईनं तिला पुन्हा हसायला लावलं. मग गंभीर व्हायला सांगितलं. शेजारच्या ओळीतल्या बायका कामं टाकून जमल्या. "माझं बघ, माझं बघ," असा गोंधळ सुरू झाला. प्रत्येकीच्या डोळ्यांपाशी तेच होतं.

जळणाचा भारा तिनं खोलीच्या दारात टाकला आणि सरळ विचारलं, "बाबा, खुर्चीत बसता?"

"कोण, मी?"

"सुरकुत्या असलेलं तोंड पाहिजे. तुमच्या मुलाला अजून नाहीत."

आयुष्यभर सासरे त्या खुर्चीच्या मागं उभे राहिले होते. बसताना त्यांना हात कुठं ठेवायचे ते कळेना. तिनं सफेद्यात चिमूटभर गुलाबी टाकून त्यांच्या तोंडाला तरुणाचा थर दिला. सुरकुतीवर बोट दाबून दाबून तो आत बसवला. वर पावडर मारली. मग जाडंभरडं कोरडं फडकं घेतलं आणि वरून खाली एकेका फटक्यात थर पुसून काढला. तेलाचं बोटही लावलं नाही. वरवरचा रंग फडक्यावर आला. घड्यांतला आत राहिला. शेवटी तिनं गेरूत थोडी काजळी मिसळून ती कोरडी पूड तळहातावर घेतली आणि गालाच्या, कपाळाच्या उंचवट्यांवरून नुसता हात फिरवला.

सासऱ्यांनी आरशात पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

"हे रंगकाम नाही," ते म्हणाले. "ही पुसापुशी आहे."

"बरं."

ते उठले आणि तसेच बाहेर पडले. चहाच्या टपरीवर जाऊन परत आले तेव्हा ताडपत्री उचलून दारातच उभे राहिले.

"त्या टपरीवाल्यानं मला हाताला धरून बाकावर बसवलं. आजोबा म्हणाला."

"मग?"

"काल दादा म्हणत होता."

ती हसली. ते हसले नाहीत, पण खुर्चीच्या हातावर टेकले. "तीस वर्षं मी घडीतला रंग आधी धुवून टाकायचो," ते म्हणाले. "पण बाई बसणार नाहीत."

"का?"

"त्यांचं स्वतःचं तोंड कंपनीत कुणी पाहिलंय? या खुर्चीत त्या येतात त्याच मुळी रंगाचा पहिला हात लावून. मी धुतो तेव्हा डोळे मिटून घेतात. लोक बघतात ते म्हातारपण माझं आहे, सूनबाई. त्यांचं नाही. त्यांचं मी झाकतो, आणि वर माझं काढतो."

बाईंची राहुटी पलीकडे होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात आत भट्टी झालेली, तरी बाईंच्या तोंडावर रंगाचा पातळ थर होताच. सूनबाईनं आडवळण न घेता सगळं सांगितलं. बाईंनी पंखा बाजूला ठेवला.

"म्हणजे मी म्हातारी दिसते."

"दिसाल. आत्ता दिसत नाही, कारण तुम्ही दिसू देत नाही."

"जीभ फार चालते तुझी."

"हात त्याहून चांगला चालतो."

उन्हातून आलेल्या पोरीच्या तळहाताचे फोड फुटले होते, ते बाईंना दिसले. "लोक हसले परवा," त्या म्हणाल्या. "रेघा तोंडवाल्यांच्या होत्या. उद्या हसतील ते मला हसतील. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"आणि तरी तोंड वर करून विचारतेस."

"परवा ते खोट्याला हसले, बाई. खरं असेल तर हसणार नाहीत."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मला दिसतं ते."

बाहेर कुणीतरी खिळा ठोकत होतं. बाईंनी पदरानं गळ्याचा घाम टिपला, रंग लागू नये म्हणून हनुवटी वर धरून. "मालकाच्या पुतणीचं वय काय गं?"

"वीस-बावीस."

"तिचं तोंड पुसलं तर काय निघेल?"

"काही नाही. कोरी पाटी."

बाईंच्या ओठाचा कोपरा हलला. "पुसणार मी," त्या म्हणाल्या. "तू नाही आणि तोंडवालेही नाहीत. फडकं माझ्या हातात."

"चालेल. पण आत घासू नका. वरून खाली, हलक्या हातानं. घडीत जे बसलंय ते माझं आहे, ते काढायचं नाही."

शेवटच्या प्रयोगाला गर्दी जास्तच झाली. आजी पुन्हा वितळणार, अशी बातमी शेजारच्या गावांतही गेली होती. दिवस मावळायच्या आधीच पोरंटोरं पुढची जागा धरून बसली. सूनबाईनं बाईंना दुपारीच खुर्चीत घेतलं. थर देताना ती प्रत्येक सुरकुतीपाशी थांबत होती, बोटाच्या पेरानं रंग आत दाबत होती, आणि बाई डोळे उघडे ठेवून बसल्या होत्या. सासरे खोलीत नव्हते. कुठं गेले ते नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

पहिले दोन अंक नेहमीसारखे झाले. मध्यंतराचा पडदा पडला. बाई येऊन बसल्या, फडकं घेतलं, कपाळाला लावलं आणि तिथंच थांबल्या. फडक्याखाली त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्यांनी ते खाली ओढलं. एकदा, दुसऱ्यांदा, गालांवरून, हनुवटीवरून. फडकं गुलाबी झालं.

सूनबाईनं गेरूचा तळहात फिरवला. ओठांचा लाल रंग टिपून त्यांवर कोरडा सफेदा दाबला, म्हणजे ते तडकलेले दिसतील. केसांत राख घातली. बाई आरशाजवळ झुकल्या.

"हे असंच आहे का रोज?"

"रोज याहून बरं आहे. मी थोडं वाढवलंय."

बाई खळखळून हसल्या. आणि ते हसू उतरताना सूनबाईनं त्यांचा दंड धरला. "हेच. मुलगा पाणी मागतो ना, तिथं असंच हसा. आणि थांबताना सावकाश थांबा. रेघा उघडताना लोकांना दिसू देत."

बाईंनी आरशात ते एकदा करून पाहिलं. मग कामाला लागलेल्या माणसासारख्या उठल्या.

सूनबाई पडद्याच्या फटीशी उभी राहिली. शेजारी नवरा दोरी धरून होता. बाई आल्या तेव्हा टाळी पडली नाही. हसायची तयारी करून आलेली पोरं पुढं वाकली होती, ती तशीच राहिली. बाईंना घाम आला. तो गेरूतून वाट काढत खाली आला, आणि शेतातून आलेल्या माणसाच्या तोंडावर धुळीतून जशी वाट पडते तशी वाट पडली. काही बिघडलं नाही. उलट ते जास्त खरं झालं.

परका म्हणून आलेल्या मुलानं पाणी मागितलं. म्हातारी हसली, भांडं आणायला वळली, आणि वळता वळता तिचं हसू सुटत गेलं. डोळ्यांच्या कडा हळूहळू उघडल्या, त्यांतली पांढरी नक्षी दिव्यात दिसली. तंबूत कुणी हललं नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईचा हात आपल्याच गालावर गेला आणि तिथंच राहिला. मागं एक तान्हं मूल रडायला लागलं, तर चार बाजूंनी त्याला शू झालं.

पडदा पडल्यावर जो आवाज झाला त्यानं नवऱ्याच्या हातातली दोरी सुटली. मालक कडेला उभा होता. तो हळू आवाजात नवऱ्याला म्हणाला, "मध्यंतर आज लवकर संपलं रे."

"धुवायचं नव्हतं ना, मालक."

"हं." त्यानं मान वळवली. "पुतणीला विनोदी नाटकात घेऊ. पोरगी गाते बरी. ट्रक सकाळी लवकर निघेल, सामान बांधून ठेवा."

खोलीत बाई खुर्चीत पाठ टेकून बसल्या होत्या. फडकं मांडीवर होतं, पण पुसायची घाई त्यांना दिसत नव्हती. बाहेरून लोक डोकावत होते आणि त्या त्यांना डोकावू देत होत्या. तेवढ्यात सासरे आले. पायांना, धोतराच्या कडेला धूळ.

"कुठं होतात, बाबा?"

"पार मागं. उभा होतो." ते बाईंकडे बघत होते, पण बोलत होते सुनेशी. "तीस वर्षांत समोरून बघितलं नव्हतं कधी. इथलं आवरेपर्यंत पडदा पडायचा."

ती हात पुसत त्यांच्याकडे वळली.

"डाव्या गालावर गेरू जास्त झालाय," ते म्हणाले. " मागून डाग दिसतो, भाजल्यासारखा. आणि भुवया तशाच काळ्या."

"भुवया राहिल्या."

"राहिल्या नाहीत. विसरलीस."

"विसरले."

"त्यांना सफेदा बोटानं लाव, कुंचल्यानं नको. केसाकेसाला लागला पाहिजे." ते वळकटीवर टेकले आणि पायाची धूळ झटकू लागले. "पुढच्या गावात बाईंकडे तूच बघ. बाकीच्यांचं मी बघतो."

बाई आरशातून दोघांकडे बघत होत्या. "मला कुणी विचारणार आहे का?" त्या म्हणाल्या, आणि फडकं उचललं.

"अजून पुसू नका, बाई," सूनबाई म्हणाली. तिनं दिवा काढून बाईंच्या डाव्या गालाशी धरला आणि दाराकडे मागं मागं सरकत बघत राहिली.

सासरे खरं बोलत होते.